उत्तरा ते स्वाती: गावाबाहेरच्या एकाच वाटेवर

पक्षी पाहायचे म्हटलं की पुण्या-मुंबईकडचे बरेच जण जानेवारीत भिगवणला जातात. उजनीच्या पाण्यावरचे रोहित बघतात, होडीतून फिरतात, फोटो काढून संध्याकाळी घरी परततात. त्यात वाईट काहीच नाही. पण तोवर हिवाळी पाहुणे येऊन स्थिरावलेले असतात. कोण कधी आलं, कोण कधी गेलं, कोणी पिसं बदलली, कोणाची पिल्लं उडाली ही खरी हालचाल सप्टेंबर-ऑक्टोबरातच होऊन गेलेली असते. ती पाहायला लांब जावं लागत नाही. गावाबाहेरचा माळ, एखादा पाझर तलाव, ओढ्याकाठची बाभळी-लिंबाची रांग आणि कडेची चार वावरं एवढं पुरतं. म्हणून आग्रहाचं सांगणं असं, की या दोन महिन्यांत नव्या जागा शोधत फिरू नका. एकच जागा धरा आणि तिथेच पुन्हा पुन्हा जा.

पुढे जे लिहिलं आहे ते मुख्यतः पुण्याच्या पूर्वेकडच्या, म्हणजे पुरंदर, बारामती, दौंड, इंदापूर या पर्जन्यछायेतल्या भागाला धरून आहे. कोकणात किंवा विदर्भात तारखा आणि पक्षी थोडे बदलतील, रीत तीच राहील. या पट्ट्यात जून-जुलैचा पाऊस बहुधा हुलकावणी देतो आणि खरा पाऊस सप्टेंबरात पडतो. त्यामुळे इथला माळ सर्वांत हिरवा दिसतो तो भाद्रपदात. गवतात नाकतोडे, हवेत चतुर, ओढ्यात पाणी. उत्तरेकडून येणारा पक्षी नेमका या भरल्या ताटावर उतरतो.

जागा निवडताना आधी अंतर बघा. घरापासून सायकलनं वीस मिनिटांत पोचता आलं पाहिजे, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात कंटाळा येतो. मग बघा की एका वाटेत किती प्रकारची जमीन येते. थोडं पाणी, थोडा उघडा माळ, थोडी झाडी, थोडी शेती. दीड-दोन किलोमीटरची वाट भरपूर झाली. शक्य असेल तर सकाळी पश्चिमेकडे तोंड करून चालता येईल अशी वाट घ्या. ऊन पाठीशी राहतं आणि समोरच्या पक्ष्याचे रंग खरे दिसतात. उन्हाकडे तोंड केलं तर चांगला पिवळा धोबीसुद्धा काळी आकृती होऊन उडून जातो. वाटेत तीन ठिकाणं ठरवून ठेवा, तलावाचा बांध, ओढ्याचं वळण, माळावरचा एखादा उंचवटा. तिथे प्रत्येकी दहा मिनिटं नुसतं थांबायचं. चालताना दिसतात त्याहून जास्त पक्षी थांबल्यावर दिसतात, कारण आपण थांबलो की ते हालचाल करू लागतात.

वेळ सकाळची. साडेसहाच्या आत वाटेला लागलात तर नऊपर्यंत मनासारखं होतं. ऑक्टोबर हीट सुरू झाली की साडेआठनंतर माळावर घारीशिवाय काही उडत नाही. आठवड्यातून एकदा जाणं हे किमान, दोनदा जमलं तर उत्तम. पण वार आणि वेळ शक्यतो ठरलेले असू द्या. एक दिवस सकाळी सहाला आणि पुढच्या खेपेला दुपारी चारला गेलात, तर पक्षी बदलले की फक्त वेळ बदलली हे कळायला मार्ग उरत नाही.

दुर्बीण ८×४२ ची घ्यावी. आठ म्हणजे आठपट मोठं दिसतं, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. दहापट मोठं दाखवणारी दुर्बीण ऐकायला बरी वाटते, पण नवख्याच्या हातात ती थरथरते आणि तिच्यातून दिसणारा भागही सहसा अरुंद असतो. कॅमेरा पहिल्या महिन्यात घरी ठेवलात तर तुमचं भलं होईल. फोटोच्या नादात डोळा पक्ष्याच्या वागण्यावरून उठतो.

आता वेळापत्रक. शेतकऱ्याची पावसाची नक्षत्रं पक्षीनिरीक्षणालाही चांगली लागू पडतात. साधारण तेरा-चौदा दिवसांचं एक नक्षत्र, आणि प्रत्येकात काही ना काही बदलतं.

पूर्वा लागते ऑगस्टच्या अखेरीस. तेव्हा पावसाळी विणीचा शेवटचा अंक चालू असतो. विहिरीवर झुकलेल्या बाभळीवर सुगरणीची घरटी, गवतात वटवट्यांची लगबग. पण पाण्याच्या कडेला पहिले परदेशी पाहुणे येऊन दाखल झालेले असतात, आणि घाईत असलेल्या माणसाला ते दिसतही नाहीत. बांधाच्या दगडावर शेपूट सारखी वरखाली हलवणारा, पांढऱ्या पोटाचा एकटा पक्षी दिसला तर त्याच्या खांद्यापाशी बघा. पंखापुढे पांढरी खाच वर शिरलेली दिसली की ती सामान्य तुतवार. उडताना ती पाण्याला लागून, पंख ताठ धरून, थरथरत जाते. हिरवी तुतवार वरून बरीच गडद असते. ती उडाली की कमरेचा पांढरा भाग लख्ख चमकतो आणि उडता उडता ती मोठ्यानं शीळ घालते. ठिपकेवाली तुतवार अंगानं शेलाटी. पाठीवर ठिपके, डोळ्यावर ठळक पांढरी भुवई आणि पाय पिवळसर. या तिघींत फरक करता यायला लागला की पाणथळीचे निम्मे कोडे सुटले म्हणायचे. एक गोष्ट लक्षात ठेवा, तलाव काठोकाठ भरलेला असताना चिखलाची कड नसते, आणि कड नसली की हे पक्षी थांबत नाहीत. म्हणून दर खेपेला पाणी किती आहे ते लिहून ठेवा. ऑक्टोबरात पाणी हातभर मागे सरलं की त्याच तलावावर अचानक गर्दी दिसेल.

याच सुमारास भोरड्या येतात. अंग फिकट गुलाबी, डोकं आणि पंख काळे, आणि थवा असा की वळला की आभाळाचा रंग पालटतो. मध्य आशियाकडे वीण आटोपून त्या लगेच निघतात आणि एप्रिलपर्यंत आपल्याकडे राहतात. म्हणजे वर्षाचा मोठा भाग त्या इथल्याच. थव्यात मातकट रंगाचे, पिवळसर चोचीचे पक्षी दिसले तर ती यंदाची पिल्लं. ज्वारीच्या राखणीला माळ्यावर बसणाऱ्याला भोरडी आवडत नाही हे खरं, पण ती टोळ आणि नाकतोडेही भरपूर खाते, हे त्यालाही ठाऊक असतं.

उत्तरा नक्षत्रात, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यावर, एका गोष्टीकडे मुद्दाम लक्ष द्या. सातभाईंच्या टोळक्यामागे एखादं काळं-पांढरं, डोक्यावर छोटा तुरा असलेलं पिल्लू ओरडत फिरताना दिसेल आणि सातभाई त्याला अळ्या भरवत असतील. ते चातकाचं पिल्लू. पावसाबरोबर आलेली चातक मादी सातभाईंच्या घरट्यात अंडं घालते. अंड्याचा निळा रंगही सातभाईंच्या अंड्याशी जुळतो. पुढे सगळं सातभाईंनीच करायचं. मोठे चातक तर आधीच निघून जाऊ लागतात, आणि हे पिल्लू काही आठवड्यांनी, कोणीही वाट न दाखवता, अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे जातं. मला पक्ष्यांच्या जगात याहून थक्क करणारं फारसं काही माहीत नाही. आणि हे सगळं गावकुसाबाहेरच्या बोरीच्या झुडपात चाललेलं असतं. चातक शेवटचा कधी दिसला, ती तारीख दर वर्षी नोंदवा.

तारखेविषयी जरा थांबून सांगायला हवं, कारण नवीन निरीक्षकाची चूक इथेच होते. आला तो दिवस सगळे लिहितात, कारण नवा पक्षी दिसल्याचा आनंद असतो. गेला तो दिवस कोणी लिहीत नाही, कारण तो गेला हे त्या दिवशी कळतच नाही. उपाय सोपा आहे, दर खेपेला दिसलेल्या सगळ्या पक्ष्यांची नावं लिहायची, कावळा-साळुंकीसकट. मग ऑक्टोबरच्या शेवटी वही उलटी चाळली की चातकाचं नाव कुठे थांबलं ते आपोआप दिसतं. साध्या पक्ष्यांची नोंद न करणाऱ्याची वही दुर्मीळ पक्ष्यांची यादी होते, जागेचा इतिहास होत नाही.

याच पंधरवड्यात ओढ्याकाठच्या लिंबातून एक बारीक, दोन सुरांचा, 'चिस-वीट' असा आवाज येऊ लागतो. तो हिरवट पर्ण वटवट्याचा. पक्षी अंगठ्याएवढा, पानांत पान होऊन हिंडणारा, नजरेला क्वचित सापडतो, पण आवाज दिवसभर. झुडपातून 'चक, चक' असा कोरडा आवाज आला तर तो बहुधा ब्लिथचा बोरू वटवट्या. हे दोन आवाज एकदा कानात बसले की पुढचे सहा महिने ते सोबत करतात. फोनवरचं मर्लिन ॲप आवाज ओळखायला मदत करतं, जरूर वापरा. फक्त त्यानं सांगितलेलं नाव हा अंदाज समजा, आणि पक्षी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय किंवा आवाजाची स्वतःला खात्री पटल्याशिवाय वहीत चढवू नका. 'वटवट्या, अनोळखी' असं लिहिण्यात काहीही कमीपणा नाही.

माळावर आता भोवत्या दिसू लागतील. लांब पंख, लांब शेपूट, पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर धरून गवतालगत डावी-उजवीकडे झोकांड्या घेत जाणारा शिकारी पक्षी. माँटेग्यूचा भोवत्या कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशातून येतो आणि इथे त्याचं मुख्य खाणं नाकतोडे. दिवसभर एकेकटे फिरणारे हे पक्षी संध्याकाळी मोठ्या गवताच्या माळावर एकत्र उतरून रात्र जमिनीवर काढतात. तुमच्या वाटेवर असा मुक्काम सापडला तर तो लांबूनच पाहा आणि ठिकाणाचा गवगवा करू नका.

याच माळाला सरकारी कागदावर पुष्कळदा 'पड' म्हणतात, आणि पड म्हटलं की तिथे खड्डे घेऊन झाडं लावायचा उत्साह येतो. हे चुकीचं आहे. चंडोल, धाविक, पखुर्डी, माळटिटवी या पक्ष्यांना आखूड गवताची उघडी जमीनच लागते. तिथे ग्लिरिसिडियाची रोपं वाढली की ते निघून जातात. कर्नल साइक्सनं १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. त्याच्या नावाचा साइक्सचा चंडोल आजही याच माळांवर ढेकळाआडून तुरा वर काढतो. तो दिसला तर नोंद जरूर ठेवा. उद्या त्या माळावर काही उभारायचं ठरलं, तर 'इथे काही नाही' या वाक्याला उत्तर म्हणून तुमच्या तारखांचीच गरज लागेल.

हस्ताचा पाऊस सप्टेंबरच्या शेवटी. घरोघरी भोंडला चालू असतो आणि माळावर गवत पिवळं पडायला लागतं. विजेच्या तारांवर माळभिंगऱ्यांच्या रांगा वाढतात, थिरथिरा जुन्या भिंतींवर शेपूट थरथरवताना दिसू लागतो. नीलपंख याच दिवसांत उघड्या रानात ठळक दिसायला लागतो. उत्तर आणि मध्य भारतात आणि तेलंगणात दसऱ्याला त्याचं दर्शन शुभ मानतात. त्यापायी काही ठिकाणी तो पकडून, पिंजऱ्यात घालून दारोदार दाखवला जातो. हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे आणि पक्ष्याच्या जिवावर बेततं. तुम्ही त्याला त्याच्या खांबावर पाहा. २०२३ च्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवालानं नीलपंखाची संख्या घटत असल्याचं दाखवलं आणि त्याच्या स्थितीचा जागतिक पातळीवर फेरविचार व्हावा अशी शिफारस केली. हा अहवाल उभा राहिला तो सुमारे तीस हजार निरीक्षकांनी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर दिलेल्या तीन कोटी नोंदींवर, आणि त्यांतले बहुतेक जण आपल्यासारखेच हौशी. तुमच्या तारेवरचा एक नीलपंख त्यात मोजला जातो.

या काळात ओळखीचे पक्षीही फसवतात. जांभळ्या सूर्यपक्ष्याचा नर विणीनंतर झळाळी टाकून देतो आणि मादीसारखा पिवळट होतो. गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी पट्टी उरते, त्यावरून ओळखायचं. सुगरणीच्या नराचा पिवळा मुकुट जातो आणि तो चिमणीत मिसळतो. वंचकाची मरून पाठ जाऊन तपकिरी रेघा येतात, गायबगळ्याचा केशरी रंग उतरून तो पांढरा होतो. त्यात यंदाची पिल्लं, बुडाचा लाल रंग पुरता न आलेले बुलबुल, काळसर कपाळाच्या जागी मळकट रेघा असलेले खाटीक. पुस्तकातलं चित्र आणि समोरचा पक्षी जुळला नाही तर लगेच नवा पक्षी सापडला असं ठरवू नका. आधी आकार, चोच, शेपटीची लांबी आणि वागणूक बघा. रंग सगळ्यात शेवटी.

चित्रा आणि स्वाती नक्षत्रांत पाऊस सरतो आणि पाहुण्यांची दुसरी फळी येते. गप्पीदास झुडपाच्या शेंड्यावर, खरूची हवेत एका जागी पंख फडफडवत थांबलेली, बागेत शेपूट वर उचलणारी छोटी माशीमार, मोठ्या पाण्यावर पहिली बदकं. हे सगळं ठळक असतं आणि त्याला मार्गदर्शन कमी लागतं.

वहीत काय लिहायचं? तारीख, निघाल्याची आणि संपवल्याची वेळ, चाललेलं अंतर, ढग-वारा-पाऊस, पाण्याची पातळी, मग पक्षी आणि संख्या. थवा मोजताना आधी दहा पक्षी मोजून तेवढ्या जागेचा अंदाज डोळ्यात धरा आणि मग तसे किती गट बसतात ते बघा. 'पुष्कळ' या शब्दाचा पुढच्या वर्षी काही उपयोग होत नाही. ई-बर्डवर ही यादी टाकताना 'दिसलेले सगळे पक्षी नोंदवले' असं खरोखर असेल तरच तसं नमूद करा. बर्ड काउंट इंडियाचा ठरावीक जागेवर वारंवार नोंदी ठेवण्याचा उपक्रम आहे, त्यात आपली वाट जोडता येते. नावांसाठी मारुती चितमपल्लींचा पक्षिकोश जवळ असावा. आणि बांधावर भेटणाऱ्या मेंढपाळ मामांना, खुरपणीला आलेल्या मावशींना त्या पक्ष्याला काय म्हणतात ते विचारा. चितूर, लाव्हा, होला, परीट ही नावं त्यांच्याकडूनच मिळतात, आणि कोणता पक्षी यंदा उशिरा आला हेही.

जपायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण गंभीर आहेत. गवत वाढलेलं असतं आणि घोणस, फुरसं दोन्ही या दिवसांत वावरत असतात. पायवाट सोडू नका, दगडाखाली हात घालू नका, पायात घोट्यावरचे बूट घाला. रानडुकरांसाठी काही शेतांना झटका तार लावलेली असते, म्हणून कोणत्याही तारेला हात लावण्याआधी विचारा. पेरलेल्या वावरातून चालणं हा अपराधच समजा, रब्बी ज्वारीची पेरणी याच दोन महिन्यांत असते. एकटं जाणं टाळलेलं बरं, निदान घरी वाट सांगून जा. फोनवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर काढू नका. उशिराच्या विणीची घरटी अजून असतात, विशेषतः मुनिया आणि वटवट्यांची, त्यांच्या जवळ जाऊ नका आणि फोटो टाकून ठिकाण उघड करू नका.

पहिल्या वर्षी वहीत फार काही हाती लागलं असं वाटणार नाही. दुसऱ्या वर्षी तारखा शेजारी ठेवता येतात. तिसऱ्या वर्षी पावसानं ओढ दिली की भोरड्यांचं काय होतं, तलाव भरला नाही की तुतवारी कुठे जातात, हे तुम्ही सांगू शकाल, आणि ते दुसरं कोणीही सांगू शकणार नाही.

महाराष्ट्र शासनानं २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला आहे. पाच तारीख चितमपल्लींच्या जन्मदिवसाची, बारा तारीख सलीम अलींच्या. यंदा त्या आठवड्यात गावातल्या शाळेतल्या चार-पाच मुलांना आपल्या वाटेवर घेऊन जा आणि त्या सकाळची नोंद त्यांनाच लिहू द्या.